जत्रेची वही : रोजच्या कामातून नेतृत्व कसे शिकावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी गावांत नेतृत्व शिकण्यासाठी कोणत्या शिबिराला जाण्याची गरज पडू नये, इतक्या समित्या आपल्याकडे आहेत. देवस्थान पंच कमिटी, गणेशोत्सव मंडळ, भजनी मंडळ, महिलांचे स्वसाहाय्य संघ, दूध उत्पादक संघ, शाळेची एसडीएमसी म्हणजे शाळा विकास व देखरेख समिती, शिवाय कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी अशा गावांत भरणाऱ्या ग्रामीण मराठी साहित्य संमेलनांच्या संयोजन समित्या; आणि या सर्वांत पुन्हा फिरून तीच वीस-पंचवीस माणसे. तरीही पंधरा-वीस वर्षे समितीत काढलेल्या एखाद्या गृहस्थाला चार माणसांकडून एक काम वेळेवर पार पाडून घेता येत नाही, आणि स्वसाहाय्य संघाची एखादी सचिव दोन वर्षांत ते सहज शिकते, हे आपण सगळेच पाहतो. काम संपल्यावर त्याचा हिशेब कोण करतो आणि कोण करत नाही, यावर हा फरक ठरतो असे माझे मत आहे. हिशेब हा शब्द मी येथे पैशांपुरता वापरत नाही.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचे एक चक्र मांडले: प्रत्यक्ष अनुभव घ्यावा, त्याकडे थांबून पाहावे, त्यातून काही नियम काढावा आणि तो नियम पुढच्या कामात वापरून पाहावा. आपल्याकडच्या भातशेतकऱ्याला हे सांगण्याची गरज नाही. धूळवाफेवर पेरणी केली, पाऊस लांबला आणि उगवण विरळ झाली, की तो बांधावर उभा राहून आपले रान पाहतो, शेजाऱ्याचे पाहतो, आणि पुढच्या वर्षी त्या तुकड्यात रोप लावण्याचे ठरवतो. मौज अशी की शेतात इतका विचार करणारा तोच माणूस समितीत आला की ‘यंदा पावसानेच घोळ केला’ असे म्हणून मोकळा होतो. शेतातली ही सवय समितीच्या कामात कशी आणावी, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

पहिले काम कोणते घ्यावे

काम मागून घ्यावे, पद मागू नये. निमंत्रणपत्रिकेवर सल्लागार किंवा कार्याध्यक्ष म्हणून नाव छापून आल्याने काहीही शिकायला मिळत नाही, कारण त्या नावाला कोणतेही काम जोडलेले नसते आणि त्यामुळे काही बिघडलेच तर आपल्यामुळे बिघडले हे कळण्याचा मार्गही नसतो. शिकण्यासाठी निवडलेले काम लहान असावे, ते कधी संपणार हे आधीच ठाऊक असावे, एकट्याने होणारे नसावे, आणि ते बरे झाले की वाईट हे कोणी न सांगताही गावाला दिसावे. पारायणाच्या वेळी चपलांची व्यवस्था, पंढरपूरला जाणाऱ्या दिंडीतील सामानाचा टेम्पो, शाळेतील पुस्तकांची पेटी ही अशी कामे आहेत. माझ्या मते या सर्वांत उत्तम काम म्हणजे मंडळाच्या भांड्यांचा हिशेब, आणि ते कोणालाच नको असते.

लग्नसराईत मंडळाची भांडी घरोघरी जातात. काहिली, हंडे, पराती, पातेली, वगराळी. पंधरा वगराळी जातात आणि तेरा परत येतात. ज्यांच्या घरून तेरा आली ते गावातील वजनदार, वयाने मोठे गृहस्थ असतात, आणि हिशेब सांभाळणारा असतो बावीस वर्षांचा मुलगा. आता त्याने काय करावे? दोन वगराळ्यांसाठी तोंड उघडले तर ‘काल जन्मलेला पोरगा आम्हाला चोर म्हणतो’ असे होते, आणि गप्प बसला तर वर्षभरात निम्मी भांडी नाहीशी होतात. हा पेच सुटतो तो भांडी परत घेताना नव्हे, देताना. भांडी देतानाच काकांना समोर बसवून एकेक नग मोठ्याने मोजावा, वहीत लिहावा, खाली त्यांची सही घ्यावी आणि त्याच वेळी नम्रपणे सांगावे की कमी आले तर किंमत भरून घेण्याचा कमिटीचा नियम आहे आणि तो सर्वांना सारखा आहे. आधी सांगितलेला नियम कोणाच्या मनाला लागत नाही. तोच नियम नंतर सांगितला की अपमान होतो. हे मी पुस्तकात वाचले असते तर विसरलो असतो. वगराळ्यांमुळे ते लक्षात राहिले.

अशा कामाला लागताना एक साधी वही करावी. रोज लिहिण्याची आवश्यकता नाही. कोणाला काय सांगितले, त्याने काय केले, आपल्याला काय अपेक्षित होते, आणि कोणत्या क्षणी आपला आवाज चढला, एवढे ज्या दिवशी घडेल त्या दिवशी लिहावे. शेवटची बाब लिहायला जड जाते, म्हणून बहुतेक जण ती गाळतात. तिच्याशिवाय मात्र ती वही किराणा दुकानाच्या वहीपेक्षा वेगळी राहत नाही.

पाण्याचे काम

आपल्या भागात गावाची लक्ष्मी यात्रा दरवर्षी येत नाही. कुठे पाच-सात वर्षांनी, कुठे बारा, तर कुठे त्याहूनही अधिक वर्षांनी ती भरते. यात्रेआधी काही आठवडे वार पाळले जातात, त्या वारी शेतातील कामे बंद असतात, आणि मग देवीचा विवाह, रथोत्सव, गदगेवर, म्हणजे यात्रेपुरत्या बैठकीवर, विराजमान झालेल्या देवीची ओटी भरणे असे दिवस सुरू होतात. त्या दिवसांत प्रत्येक घरात किती पाहुणे येतील याचा अंदाज घरच्यांनाही नसतो. माझ्या गावच्या अशाच एका यात्रेत, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, माझ्याकडे पाण्याचे काम आले. मी ते मोठ्या उत्साहाने मागून घेतले होते.

मी चार टँकर ठरवले, फेऱ्यांचे वेळापत्रक केले, त्याच्या प्रती काढून देवळाच्या भिंतीवर लावल्या आणि कमिटीच्या बैठकीत उभा राहून ते वाचून दाखवले. बैठकीत दाराजवळ ट्रॅक्टर चालवणारा एक तरुण बसला होता. तो म्हणाला, ‘दादा, रथ हलला की टँकर गल्लीत याचा न्हाई बघा.’ मी त्याला सांगितले की ते आपण पाहून घेऊ, आणि वेळापत्रकातील पुढची ओळ वाचली. रथोत्सवाच्या दिवशी सकाळी रथ वेशीकडून निघाला, गल्लीत माणसांची भिंत उभी राहिली, आणि चारही टँकर गावाबाहेर एकामागे एक उभे राहिले. दुपारपर्यंत आमच्या गल्लीतील लोक शेजारच्या गल्लीतून घागरीने पाणी आणत होते. त्यात पाहुण्या आलेल्या, भरजरी साड्या नेसलेल्या लेकीबाळीही होत्या. कोणी मला काही बोलले नाही, आणि तेच अधिक लागले.

यात्रेनंतर महिनाभराने, जुन्या पंचांपैकी एकांच्या घरी देवस्थानची ट्रंक उघडली गेली, तेव्हा तीत मागील यात्रेची वही सापडली. तिच्यात शाईने लिहिलेली एक ओळ होती: ‘रथाचे दिवशी गल्लीत वाहन येत नाही, आदले रात्री हौद भरून ठेवणे.’ म्हणजे ज्या चुकीमुळे मी महिनाभर मान खाली घालून फिरलो, ती गावाने बारा वर्षांपूर्वी करून, लिहून, ट्रंकेत ठेवली होती. आणि तोंडाने सांगणारा माणूसही दाराशी बसलेला होता. मला दोन्हींतले एकही मिळाले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते.

त्यानंतर बेळगावला गेलो असताना टिळकवाडीतील काँग्रेस विहीर मी वेगळ्या नजरेने पाहिली. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. देशभरातून येणाऱ्या लोकांना पाणी कमी पडू नये म्हणून ती विहीर अधिवेशनापूर्वी खोदण्यात आली. व्यवस्थेची धुरा हुदलीचे गंगाधरराव देशपांडे यांच्याकडे होती, आणि स्वयंसेवकांची फळी डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या हिंदुस्थानी सेवा दलाची होती. अधिवेशनातील भाषणे ग्रंथालयात शोधावी लागतात, विहीर मात्र रस्त्याने जाताना दिसते. आपल्याकडे नेतृत्व म्हणजे भाषण ही समजूत फार घट्ट आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर पिढ्यान्‌पिढ्या सभा आणि मोर्चे पाहत वाढलेल्या सीमाभागात तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु त्या प्रत्येक सभेआधी सतरंज्या कोणीतरी आणल्या होत्या, गावागावांत निरोप कोणीतरी पोहोचवले होते, आणि सभा संपल्यावर म्हाताऱ्या माणसांना गाडीत बसवून देणारेही कोणीतरी होते. शिकायचे असेल तर आधी त्यांच्या शेजारी उभे राहावे.

कोणाला विचारावे आणि कसे

वरील प्रसंगातून मी स्वतःपुरते काही संकेत ठरवले आणि ते बहुधा उपयोगी पडले आहेत. कोणतीही योजना बैठकीत मांडण्यापूर्वी ती अशा माणसाला दाखवावी ज्याला ते काम प्रत्यक्ष हातांनी करायचे आहे: आचाऱ्याला, टँकरवाल्याला, मंडप घालणाऱ्याला, हेस्कॉम या वीज कंपनीच्या लाइनमनला. त्याला ‘योजना कशी वाटते’ असे विचारू नये, कारण त्यावर तो ‘बरी आहे की’ एवढेच म्हणेल. ‘हे कुठे अडेल?’ असे विचारावे. या प्रश्नाला प्रत्येकाकडे उत्तर असते, आणि ते देताना त्याला आपण टीका करत आहोत असेही वाटत नाही.

बैठकीत प्रमुखाने शेवटी बोलावे. आपल्याकडे नेमके उलटे होते. अध्यक्ष सुरुवातीलाच आपले मत सांगतात आणि मग उरलेली बैठक त्या मताला अनुमोदन देण्यात जाते. बसण्याची जागाही महत्त्वाची असते. सतरंजीवर पुढे बसणारे नेहमीचे असतात, दाराजवळ आणि खांबाआड बसणारे नेहमी गप्प असतात. तेव्हा बैठक सुरू झाल्यावर प्रमुखाने स्वतः उठून कधीतरी दाराजवळ जाऊन बसावे, म्हणजे सर्वांच्या माना त्या दिशेला वळतात. हे जरा नाटकी वाटेल, परंतु मी ते करून पाहिले आहे.

महिलांच्या बाबतीत केवळ जागा देऊन भागत नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि तरीही सदस्य बाईंच्या ऐवजी त्यांचे यजमान बोलत आहेत, हे दृश्य आपल्याला परके नाही. ज्या बायका ठामपणे बोलतात त्या बहुतेक वेळा स्वसाहाय्य संघातून आलेल्या असतात, आणि त्याला कारण आहे. नाबार्डने १९९२ मध्ये असे संघ बँकांशी जोडण्याचा प्रकल्प सुरू केला. पुढे कर्नाटकात २०००-०१ पासून स्त्री शक्ती योजनेने त्यांना बळ दिले. दहा ते वीस जणींच्या या संघात नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जाचा नियमित व्यवहार, नियमित परतफेड आणि नीट ठेवलेल्या नोंदी ही पाच सूत्रे पाळावी लागतात. म्हणजे सचिव बाईंना दर बैठकीला सर्वांसमोर आकडे वाचावे लागतात, जिचा हप्ता थकला तिला तिच्या शेजारणींसमोर परंतु तिचा मान राखून तसे सांगावे लागते, आणि बँकेत जाऊन साहेबांशी बोलावे लागते. वर्षाकाठी एकदा, तेही घाईघाईने, हिशेब वाचणाऱ्या आमच्या मंडळांना इतकी शिकवण कुठून मिळणार? ज्यांना पैशांच्या कामातून नेतृत्व शिकायचे आहे त्यांनी आपल्या गल्लीतील संघाची बैठक, परवानगी घेऊन, दोन-तीन वेळा नुसती बसून पाहावी. पुरुषांनी तर आवर्जून पाहावी.

पैऱ्याचा क्रम

भातलावणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत आणि मग घरे आपापसांत पैरा करतात: आज सर्वांनी मिळून तुमचे रान, उद्या माझे. प्रश्न क्रमाचा असतो, कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही आणि रोपाचे वय उलटले की ते जोमाने फुटत नाही. हा क्रम लावणे हे गावातील सर्वांत अवघड नेतृत्व आहे असे मला वाटते, आणि ते बहुतेक वेळा कोणत्याही पदावर नसलेली एखादी पन्नाशीतली बाई करत असते.

नेत्याने स्वतःचे रान शेवटी ठेवावे, असा उपदेश ऐकू येतो. तो मला पूर्ण पटत नाही. आपले रान उंचवट्यावर असेल, तिथले पाणी आधी उतरत असेल आणि रोप आधी तयार झाले असेल, तर ते शेवटी ठेवणे हा त्याग नसून दिखावा आहे; त्याने घरचे नुकसान होते आणि पुढच्या वर्षी घरातलेच आपल्याला हे काम करू देत नाहीत. अशा वेळी आपले रान आधी धरावे, मात्र कारण सर्वांसमोर, काम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी सांगावे, आणि तेच कारण दुसऱ्या कोणाच्या रानाला लागू पडत असेल तर त्याला आपल्याही आधी घ्यावे. क्रम ज्या कारणाने लावला ते कारण लोकांना मोजता आले पाहिजे: रोपाचे दिवस, वाफ्यातील पाणी, घरातील आजारपण. ‘मला योग्य वाटले’ हे कारण एकदा चालते.

ज्या घराला शेवटचा क्रम मिळाला त्या घरी त्या दिवशी प्रमुखाने सर्वांत आधी पोहोचावे. पैऱ्यातील शेवटच्या दिवशी माणसे गळतात, कोणाचा हात दुखतो, कोणाला बेळगावला जायचे असते, आणि आपला क्रम शेवटचा होता म्हणून आपल्याकडे कमी माणसे आली, ही खंत ते घर वर्षभर विसरत नाही.

दुसरी भाषा, दुसरी लिपी

सीमाभागात कोणत्याही सार्वजनिक कामाचे एक टोक कन्नडमध्ये असते. पंचायतीतील ठराव, तहसीलदार कार्यालयातील अर्ज, शेताचा उतारा, वीज जोडणीची पावती ही सर्व कन्नडमध्ये येतात, आणि ज्याला ती वाचता येत नाहीत तो प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचतो. माझ्या ओळखीच्या एका मंडळाने मंडपाची परवानगी मिळाली असे समजून खांब रोवले. हातातील कागद प्रत्यक्षात परवानगीसाठी आणखी एक दाखला जोडा असे सांगणारा होता. आपल्या भाषेचा अभिमान आणि शेजारच्या लिपीचे ज्ञान यांत मला विरोध दिसत नाही. मराठीतून कागद मिळावेत असा आग्रह धरणाऱ्यालाही, हाती आलेल्या कागदात काय लिहिले आहे, हे आधी कळावे लागते. अक्षरओळख होण्यास दोन-तीन महिने पुरतात, बसच्या पाट्या हा उत्तम सराव आहे, आणि घरातील शाळकरी मुले आनंदाने गुरू होतात.

गावात कन्नडभाषिक घरे असतील तर बैठकीचा निर्णय त्यांना त्यांच्या भाषेत, त्याच दिवशी कळवण्याचे काम एका व्यक्तीकडे नेमून द्यावे. ‘त्यांना समजते की मराठी’ यावर सोडू नये. समजते हे खरे, पण आपल्याला मुद्दाम येऊन सांगितले हेही त्यांना समजते.

रात्री दोननंतर

बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ज्यांनी एखाद्या मंडळाची जबाबदारी घेतली आहे त्यांना हे सांगायला नको. सजीव देखाव्यातील मावळा झालेला मुलगा भाल्यावर डोके टेकून झोपलेला असतो, जनरेटरचे डिझेल संपत आलेले असते, पुढचे मंडळ हलत नाही, मागचे ढकलते, आणि ज्याला राखीव म्हणून ठेवले होते तो जेवायला म्हणून गेलेला परत येत नाही. थकलेला माणूस या वेळी जे बोलतो त्याने वर्षभराची मैत्री तुटते. म्हणून आमच्या मंडळात एक अलिखित नियम होता: रात्री दोननंतर कोणालाही मंडळातून काढायचे नाही आणि कोणी राजीनामा दिला तर तो स्वीकारायचा नाही. विनोदाने केलेला हा नियम मी पुढे शाळेच्या समितीत, घरच्या लग्नात, सर्वत्र वापरला.

त्या रात्रीसाठी पाण्याच्या बाटल्यांबरोबर माणसांच्याही पाळ्या आधीच ठरवून लिहून ठेवाव्यात. गावोगावी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले जवान आहेत. त्यांची एक सवय उचलण्यासारखी आहे. निघताना, थांबल्यावर आणि पोहोचल्यावर ते माणसे मोजतात. आपल्यापैकी कोण कमी आहे हे प्रमुखाला दुसऱ्याने सांगावे लागू नये.

काम संपल्यावरचा अर्धा तास

आता मूळ गोष्टीकडे. अमेरिकेच्या लष्करात सरावानंतर पथकाने मिळून आढावा घेण्याची पद्धत आहे, आणि तिचे चार प्रश्न इतके साधे आहेत की ते कोठेही लागू पडतात: काय व्हावे असे ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले, फरक का पडला, आणि पुढच्या वेळी काय करायचे. आपल्याकडे काम संपले की महाप्रसाद होतो, सत्कार होतात, शाली दिल्या जातात, आणि या चार प्रश्नांसाठी कोणी थांबत नाही. थांबलेच तर तिसरा प्रश्न ‘कोणामुळे’ असा विचारला जातो आणि बैठक भांडणावर येते.

ही बैठक काम संपल्यापासून दोन-तीन दिवसांत घ्यावी. त्याच रात्री घेऊ नये, कारण सर्वांना झोप आलेली असते. आठवड्यानंतर घेऊ नये, कारण तोपर्यंत प्रत्येकाने आपापली कथा घडवलेली असते. मंडळाची भांडी घासून परत ठेवली जातात तो दिवस बरा. ज्यांनी कष्ट केले तेच असावेत. देणगीदार आणि पाहुणे नसावेत. प्रमुखाने प्रथम स्वतःची एक चूक, नेमक्या शब्दांत आणि फार पश्चात्ताप न दाखवता सांगावी: ‘आचाऱ्यांना मी पाचला बोलावले, सहाला तांदूळ आला, म्हणजे ते तासभर बसून राहिले, तांदळाची वेळ मी विचारली नव्हती.’ एवढे झाले की इतरांची जीभ सैल होते. त्यानंतर ‘कोणी’ हा शब्द शक्यतो टाळून ‘कधी’ आणि ‘कुठे’ यांनी प्रश्न विचारावेत. तांदूळ कुठे अडला? निरोप कधी निघाला? अशा प्रश्नांची उत्तरे घड्याळाला आणि रस्त्याला चिकटतात, माणसाला नाही.

चांगले झालेले काहीही असेच तपासावे. महाप्रसाद वेळेवर वाढला गेला, तो का? पंगतीचे वाढपी आधी जेवले होते म्हणून, की त्या दिवशी पाऊस आला आणि गर्दी कमी झाली म्हणून? दुसरे कारण खरे असेल तर आपण काही शिकलो नाही, आपले नशीब बरे होते. हा भेद करण्याचा कंटाळा फार होतो, मला अजूनही होतो.

ज्यांना बोलायचे नाही त्यांना बोलायला लावू नये. वाटेत, चहाच्या गाड्यावर, एकटे असताना विचारावे. काही जण मात्र सहा महिन्यांनी, दुसऱ्याच कामात, एकदम सांगतात. तेव्हाही वही उघडून लिहावे.

सोपवून देणे

उद्यमबाग किंवा मच्छे येथील फाउंड्रीत काम करणारा कोणीही सांगेल की पाळी बदलताना येणाऱ्याला मशीनची अवस्था सांगितल्याशिवाय जाणारा जात नाही. आमच्या समित्यांत जाणारा रुसून जातो किंवा मिरवत जातो, त्यामुळे येणाऱ्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा येतो आणि कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हे तो वर्षभर शोधत राहतो. म्हणून काम हाती घेतल्या दिवसापासून बरोबर एक जण ठेवावा, आपल्यापेक्षा निदान दहा वर्षांनी लहान. त्याला निरोप्या म्हणून राबवू नये, तर एक तुकडा पूर्ण त्याच्या हाती द्यावा आणि तो तुकडा बिघडताना दिसला तरी, कोणाचे नुकसान होणार नसेल तर, मध्ये पडू नये. हे शेवटचे फार कठीण आहे. हात शिवशिवतात.

वही दोन ठिकाणी ठेवावी: एक देवस्थानच्या दप्तरात, दुसरी पुढच्या प्रमुखाकडे. मोबाइलवर फोटो काढून ठेवणे सोयीचे असले तरी बारा वर्षांत मोबाइल किती वेळा बदलतो हे लक्षात घ्यावे. कागदाला वाळवी लागते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत कडुलिंबाचा पाला टाकून ठेवण्याची जुनी पद्धत अजून बरी. वहीत नावांपेक्षा जागा आणि वेळा लिहाव्यात, कारण पुढच्या यात्रेपर्यंत माणसे बदललेली असतात.

आमच्या गावच्या पुढच्या यात्रेत पाण्याचे काम एका मुलीने घेतले. ती तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. मी माझी वही तिला दिली. तिच्यात रथाच्या आदल्या रात्री कोणत्या पाच जागी टाक्या भरून ठेवाव्यात हे मी नकाशासह लिहिले होते आणि मला त्या नकाशाचा थोडा अभिमानही होता. यात्रा आटोपल्यावर वही परत आली तेव्हा चौथ्या जागेवर तिने काट मारलेली होती, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले होते: ‘येथे आता घर झाले आहे. टाकी समोरच्या अंगणात ठेवली, घरमालकांना आठ दिवस आधी विचारावे लागले. पुढच्यांनी नकाशा घेऊन आधी एकदा गल्लीतून चालून यावे.’